पेयाचे नाव आणि पेयाची चव : रायगड किनाऱ्यावरील माडीच्या निमित्ताने

१

एखाद्या पेयाला नाव कशावरून पडते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु नामकरणाची पद्धती ही भाषिक समाजाच्या अनुभवाची एक प्रकारे कबुलीच असते. ज्या गोष्टीमुळे पदार्थाला त्याचे वैशिष्ट्य प्राप्त होते असे बोलणाऱ्यांना वाटते, तिचाच उल्लेख बहुधा त्याच्या नावात झालेला आढळतो. मद्यवर्गीय पेयांच्या बाबतीत ही कबुली तीन ठिकाणी तीन प्रकारची दिसते. फ्रान्स, पोर्तुगाल, स्पेन या देशांतील द्राक्षासवे, म्हणजे ज्यांना आपण आता ‘वाइन’ म्हणतो ती पेये, प्रदेशांच्या व गावांच्या नावांनी ओळखली जातात : बोर्दो, शांपेन, पोर्ट, शेरी. दक्षिण अमेरिकेतील तांबडी द्राक्षासवे वेलीच्या जातीवरून ओळखली जातात : आर्जेंटिनाचे माल्बेक, चिलीचे कार्मेनेर, उरुग्वेचे तन्नात. आणि आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर पेयाला नाव मिळते ते वृक्षावरून : माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी.

हा भेद कशामुळे पडला आणि त्याचा चवीशी काही संबंध आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पेयाचे गुणदोष, त्याचे सेवन इष्ट की अनिष्ट, हा येथील विषय नव्हे. भाषेच्या अभ्यासकाला त्या शब्दांशी कर्तव्य आहे. आणि ते शब्द आज झपाट्याने नाहीसे होत आहेत.

२

प्रथम घरचे शब्द पाहू. ‘माडी’ आणि ‘ताडी’ ही रूपे वृक्षवाचक पुल्लिंगी नामाला ‘ई’ हा प्रत्यय लागून सिद्ध झाली आहेत, आणि दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. (‘घराची माडी’ यातील ‘माडी’ हा केवळ समोच्चारित शब्द असून कोशात त्याची नोंद स्वतंत्र करावी लागते.) ‘शिंदी’ या शब्दात वृक्ष आणि रस यांना एकच रूप आहे. मोहाच्या फुलांपासून काढलेल्या दारूला केवळ ‘मोहाची’ म्हणतात. तेथे विशेष्य गळून विशेषणच नाम झाले आहे, पण लिंग कायम राहिले आहे. सुरा, मदिरा, दारू, माडी, ताडी, शिंदी, नीरा असा हा सारा परिवार स्त्रीलिंगी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या परिवारातील काही शब्द दूरचे पाहुणे आहेत. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधवाचक. मराठीत तो मद्याला आणि बंदुकीच्या दारूला, दोहोंनाही लागू झाला. ‘शराब’ हा अरबी शब्द मूळचा केवळ ‘पेय’ या अर्थाचा, आणि त्याच धातूपासून ‘शरबत’ निघाला. म्हणजे लग्नात निर्धास्तपणे दिले जाणारे शरबत आणि निषिद्ध मानलेली शराब ही एकाच घरची भावंडे आहेत. उलट दिशेने ‘ताडी’ हा शब्द इंग्रजीत ‘टॉडी’ होऊन गेला आणि पुढे थंड देशात ऊन पाणी घातलेल्या मद्यालाही लागला; तेथे ताडाचा लवलेशही उरला नाही.

दक्षिणेकडे, विशेषतः गोव्यात, माडाच्या रसाला ‘सूर’ म्हणतात. संस्कृत ‘सुरा’ शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. भेरली माडाला ‘सुरमाड’ असेही एक नाव आहे. येथे गंमत अशी की, इतरत्र वृक्षावरून पेयाला नाव पडले, तर येथे पेयावरून वृक्षाला पडले. ज्या समाजाने हा शब्द घडविला त्याच्या दृष्टीने त्या झाडाचा मुख्य गुण कोणता होता, हे त्यावरून कळते.

रस काढण्याचा व्यवसाय किनाऱ्यावर परंपरेने भंडारी समाजाकडे होता. ‘भंडारी’ या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगण्यात येतात. मद्य गाळणारा या अर्थाच्या ‘मण्डहारक’ या शब्दाशी तो जोडण्याची प्रथा जुनी आहे. परंतु आद्य ‘म’चा ‘भ’ का व्हावा याचे समाधानकारक उत्तर त्यात मिळत नाही. ‘भाण्डागारिक’पासून ‘भंडारी’ हे रूप मात्र ध्वनिपरिवर्तनाच्या नेहमीच्या वाटेने येते. व्यवसायावरून अर्थ लावण्याच्या भरात ध्वनिनियमांकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

३

आता माडीची चव कशी घडते ते पाहिले पाहिजे; कारण नावाचे कोडे तेथेच उकलते.

अलिबागच्या दक्षिणेस आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि पुढे मुरूड, श्रीवर्धनपर्यंत समुद्राला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. अलिबागच्या परिसराला ‘अष्टागर’ म्हणतात. त्यातील ‘आगर’ हा शब्द नारळी-पोफळीच्या बागेलाही लागतो आणि ‘मिठागर’ या समासात मीठ पिकविण्याच्या जागेलाही. माडाची पोय उमलण्यापूर्वी ती घट्ट बांधतात, काही दिवस हलक्या हाताने ठोकून मऊ करतात, मग तिचे टोक छाटून खाली मडके अडकवितात. सकाळ-संध्याकाळ वर चढून रस उतरवावयाचा आणि टोक पुन्हा थोडे छाटावयाचे, असा क्रम चालतो. थेंबाथेंबाने गळणारा हा रस प्रारंभी स्वच्छ, गोड आणि जवळजवळ आम्लरहित असतो. त्यात शर्करेचे प्रमाण सामान्यतः शेकडा १२ ते १५ असते.

परंतु हा रस स्थिर राहत नाही. मडक्याच्या अंगाला आणि हवेत असलेले किण्व त्यात उतरताच त्याचे आंबणे सुरू होते. तो दुधाळ होतो, त्यावर फेस येतो. काही तासांत त्यात शेकडा ४-५ इतके मद्यार्क तयार होते. त्याच वेळी आम्ल निर्माण करणारे जंतूही कामाला लागलेले असतात. उन्हाळ्यात ही क्रिया अधिक वेगाने होते. पहाटे उतरविलेली माडी सकाळी गोड, दुपारी आंबटगोड आणि चुणचुणीत, दुसऱ्या दिवशी निव्वळ आंबट, आणि त्यानंतर शिरका होण्याच्या वाटेवर, असा तिचा आयुष्यक्रम आहे. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणे रोखले जाते, आणि त्या रसाला आपण ‘नीरा’ म्हणतो.

यावरून असे दिसेल की, माडीच्या चवीत मुख्य घटक काळ हा आहे. कोणत्या गावची, हा प्रश्न विचारण्यापूर्वी किती वाजताची, हा प्रश्न विचारावा लागतो. म्हणूनच तिच्यासाठी भाषेत जी विशेषणे रूढ आहेत ती गोडी, आंबट, ताजी, शिळी, सकाळची, कालची अशी अवस्थावाचक व कालवाचक आहेत. स्थलवाचक विशेषण तिला लागत नाही. ‘नागावची माडी’ असे कोणी म्हटले तर ते केवळ ठिकाण सांगणे होय. ‘बोर्दो’ या शब्दाप्रमाणे ते प्रतीचे नाव होत नाही.

४

असे का व्हावे? याच वाड्यांतील दुसरे दोन जिन्नस पाहा. अलिबागचा पांढरा कांदा माळा गुंफून मुंबईच्या बाजारात जातो, आणि तेथे तो ‘अलिबागचा’ म्हणूनच विकला जातो. त्या नावाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारीही बाजारात आपल्या गावाचे नाव घेऊनच वावरते. माती तीच, खारा वारा तोच. मग कांद्याला व सुपारीला गाव चिकटले आणि माडीला चिकटले नाही, याचे कारण मातीत नाही. कांदा व सुपारी प्रवास करू शकतात, माडी करू शकत नाही. नागावात बसून नागावची माडी पिणाऱ्याला ‘नागावची’ हा शब्द उच्चारण्याची गरजच पडत नाही. पदार्थ आपले गाव सोडून निघाला म्हणजेच त्याला गावाचे नाव लागते. माणसांच्या ‘कर’ प्रत्ययान्त आडनावांचाही न्याय हाच आहे.

या अनुमानाला प्राचीन पुरावाही भरपूर आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘कापिशी’ या नगरीच्या नावावरून ‘कापिशायन’ हे रूप सिद्ध करणारे सूत्र आहे, आणि टीकाकार त्याची उदाहरणे द्राक्षांची व द्राक्षमद्याची देतात. कापिशी ही नगरी आजच्या अफगाणिस्तानात काबूलच्या उत्तरेस होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्यप्रकार येतात. त्यांतील बहुतेकांची घटकद्रव्ये व कृती तेथे दिली आहेत. मधूच्या बाबतीत मात्र, तो द्राक्षांचा रस होय एवढे सांगून, त्याचा उत्पत्तिदेश हेच त्याचे स्पष्टीकरण असे कौटिल्य म्हणतो, आणि कापिशायन व हारहूरक ही दोन नावे देतो. स्थानिक पेयांची ओळख कृतीने, दुरून येणाऱ्याची ओळख देशाने, हा भेद दोन हजार वर्षांपूर्वीही असा स्पष्ट होता.

आपल्याच किनाऱ्याची साक्ष काढावयाची तर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक नाविकग्रंथ आहे. त्यात भडोच बंदरी येणाऱ्या मालात द्राक्षासवाचा उल्लेख असून ते इटलीचे, लाओदिकियाचे व अरबस्तानचे, असे तीन प्रकारचे सांगितले आहे. त्याच ग्रंथात दक्षिणेकडील बंदरांच्या यादीत ‘सेमुल्ला’ हे नाव येते. ते आपले चौल होय. समुद्र ओलांडून आलेले प्रत्येक मद्य आपल्या देशाचे नाव घेऊन आले आहे.

विरुद्ध बाजूने गोव्याचे उदाहरण घ्यावे. सूर जोवर सूर आहे तोवर तिला गाव नाही. ती भट्टीवर गाळली, तिची माडाची फेणी झाली, म्हणजे ती टिकते, बाटलीत बसून परप्रांती जाऊ लागते. आणि मग तिला ‘गोव्याची’ हे विशेषण मिळते.

५

येथपर्यंत वृक्षनाम व स्थलनाम यांचा उलगडा झाला. दक्षिण अमेरिकेतील वेलीच्या नावांचे काय? तेथील कथा अधिक बोधप्रद आहे, कारण तीत नावाचा परिणाम प्रत्यक्ष चवीवर झालेला दिसतो.

माल्बेक ही मुळात नैऋत्य फ्रान्सची वेल. काओर परिसरात तिला ‘कोत’ म्हणत, आणि तिच्यापासून होणारे गडद, तुरट मद्य काओर या गावाच्या नावाने ओळखले जाई. १८५३ मध्ये आर्जेंटिनातील मेंदोसा येथे फळझाडांची संवर्धनशाळा स्थापण्याची योजना मांडली गेली. सार्मिएंतो यांच्या पुढाकाराने मिशेल एमे पूजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने तेथे ज्या वेली नेल्या त्यांत माल्बेक होती. वेल समुद्रापार गेली. गाव जाणे शक्य नव्हते. मेंदोसातील मद्याला काओर म्हणणे खोटे ठरले असते, आणि मेंदोसा हे नाव तेव्हा जगाच्या बाजारात कोणास माहीत नव्हते. उरले ते वेलीचे नाव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजाराने ते उचलले आणि तेच पेयाचे नाव झाले.

पण प्रदेशाने आपला वाटा सोडला नाही. मेंदोसा आंदीज पर्वताच्या पायथ्याशी, उंच व कोरड्या पठारावर आहे. तेथे वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि मळे पर्वतावरील वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जगतात. प्रखर ऊन आणि थंड रात्री यांमुळे तेथे हे द्राक्ष पूर्णपणे पिकते. म्हणून काओरचे मद्य जेथे करकरीत तुरट, तेथे मेंदोसाचे मऊ आणि भरदार लागते. मराठी वाचकास सांगावयाचे तर त्याचा रंग जांभळाच्या गराचा, वास पिकल्या करवंदाच्या जवळचा, आणि जिभेवर उरणारा तुरटपणा ओल्या सुपारीइतका कठोर नव्हे, तर पिकल्या जांभळाइतका सौम्य असतो. अशा वर्णनासाठी आपली भाषा तोकडी पडत नाही, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे. ज्या गुणासाठी परभाषांत पारिभाषिक संज्ञा शोधावी लागते, तो ‘तुरट’ हा शब्द आपल्याकडे पोफळीच्या वाडीतील पोरासही ठाऊक आहे.

आता कार्मेनेरची गोष्ट. ही बोर्दो प्रांतातील वेल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इतर वेलींबरोबर चिलीत गेली. पुढे मुळांवरील फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधील मळे उद्ध्वस्त केले, आणि बोर्दोत ही वेल जवळजवळ नष्ट झाली. चिलीत ती कीड पोहोचली नाही. तेथे वेल जगली, पण नाव मेले. मळेवाले तिला मेर्लो समजू लागले. मेर्लो लवकर पिकते, कार्मेनेर त्यानंतर काही आठवड्यांनी. एक नाव म्हणून एकच हंगाम. कार्मेनेरची द्राक्षे मेर्लोबरोबर अर्धवट पिकलेली खुडली जात, आणि मद्याला ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येई. चिलीच्या मेर्लोचा तो स्वभावच आहे, अशी समजूत रूढ झाली. १९९४ मध्ये झाँ-मिशेल बूर्सीको या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने पानांची व वेलींची लक्षणे पाहून ही मेर्लो नसून कार्मेनेर आहे, हे ओळखले. वेल निराळी लावली जाऊ लागली, तिला तिच्या वेळेपर्यंत पिकू दिले, आणि चव पालटली.

या प्रसंगाचा भाषिक अर्थ विचारात घेण्याजोगा आहे. वेल तीच, माती तीच, पाणी तेच. फरक पडला तो नावाने. नाव हरपले तेव्हा पिकण्याच्या वेळेचे ज्ञान हरपले, आणि ज्ञान हरपले तेव्हा चव बिघडली. शब्द हा वस्तूला बाहेरून चिकटविलेला कागद नव्हे. त्यात ती वस्तू कशी वागवावी याची आज्ञा साठविलेली असते.

६

हा धडा घेऊन पुन्हा आपल्या किनाऱ्यावर यावयाचे आहे. येथेही नावांची सरमिसळ झाली आहे, आणि तिला बराच काळ लोटला आहे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने झाडे छेदण्यास परवाना आणि कर लागू झाला. त्या कायद्यात व पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात माड, ‘ब्रॅब’, खजुरी किंवा कोणताही ताडवर्गीय वृक्ष यांचा रस ‘टॉडी’ या एकाच शब्दाखाली घातला गेला. यातील ‘ब्रॅब’ म्हणजे आपला ताड. पोर्तुगिजांनी त्याला ‘रानटी ताल’ या अर्थी दिलेल्या नावातील ‘ब्रावा’ या विशेषणाचा हा इंग्रजी अपभ्रंश होय. चौल-रेवदंड्यावरील पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपली. रेवदंड्यासमोरच्या कोर्लई गावात पोर्तुगीज-मिश्र बोली मागे राहिली, आणि मुंबईच्या इंग्रजी कायद्यात हा एक शब्द राहिला.

कायद्याला एक शब्द पुरतो, कारण त्याला कर किंवा बंदी यांपुरतेच कर्तव्य असते. परंतु कायद्याचा शब्द दुकानाच्या पाटीवर आला, ‘ताडी-माडी केंद्र’ असा जोडशब्द झाला, आणि ऐकणाऱ्याच्या मनातून दोन झाडांमधील भेद पुसला गेला. पुढची पायरी अधिक दुःखद आहे. शहरांतून क्लोरल हायड्रेट मिसळलेले जे घातक पाणी ‘ताडी’ म्हणून विकले जाते, त्याला झाडाचा संबंधच राहिलेला नसतो. नावात वृक्ष आहे, पेयात नाही. सकाळची आणि कालची यांतील फरक ज्याला सांगता येतो, त्याला हे पाणी ताडी म्हणून देणे कठीण आहे. ज्याच्यापाशी तो शब्दच नाही, त्याला काहीही देता येते.

याच किनाऱ्यावर नाव जपण्याचे एक उलट उदाहरणही आहे. मराठी भाषक बेने इस्राएल समाज येथे शतकानुशतके राहिला. नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्याची आडनावे या गावांची साक्ष देतात. शब्बाथाच्या प्रार्थनेस द्राक्षरसाचा पेला लागतो, आणि तेथे उच्चारल्या जाणाऱ्या आशीर्वचनात नाव आहे ते वेलीच्या फळाचे. दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या या पट्टीत द्राक्षवेल होत नाही. तेव्हा या समाजाने काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून त्यांचे शरबत करण्याची रीत पाळली. माड दारात असूनही माडी त्या पेल्यात आली नाही. नावातील वृक्ष-वेलीचा निर्देश लोकांनी शब्दशः मानला, आणि त्यामुळे एक चव परक्या हवामानात टिकून राहिली.

७

निष्कर्ष थोडक्यात असा. स्थलनाम हे पेयाच्या प्रवासाचे चिन्ह आहे. वृक्षनाम हे त्याच्या घरी राहण्याचे. माडीला गावाचे नाव नाही म्हणून तिला प्रादेशिक वैशिष्ट्य नाही, असे समजणे चूक होईल. तिचे वैशिष्ट्य गावाच्या नावात नसून वेळ, अवस्था, झाड आणि हात यांच्या सूक्ष्म शब्दांत विखुरलेले आहे. माल्बेक किंवा कार्मेनेर यांचे वर्णन बाटलीवर छापलेले असते. माडीचे वर्णन ती उतरविणाऱ्याच्या तोंडी असते, आणि त्याच्याबरोबर जाते.

आज माडावर चढणारी माणसे थोडी उरली आहेत व वाड्यांच्या जागी विश्रामगृहे उभी राहत आहेत. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. ती नोंद सरकारी दफ्तरात आहे. पोईच्या अवस्थांची, छेद घेण्याच्या पद्धतींची, मडक्यांच्या प्रकारांची आणि रसाच्या प्रत्येक प्रहराची नावे मात्र कोणत्याही दफ्तरात पूर्णपणे आढळणार नाहीत. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी थळपासून श्रीवर्धनपर्यंत गावोगावी जाऊन वृद्ध रसकाढ्यांकडून ही शब्दसंपत्ती टिपून घ्यावी, अशी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक शब्दाबरोबर गाव, सांगणाऱ्याचे वय, उच्चार, लिंग व वचन ही माहिती असावी. त्याचबरोबर तो शब्द कोणत्या क्षणी वापरावयाचा, म्हणजे रस कसा दिसत असता, वास कसा येत असता, हेही त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. चिलीतील वेलीला ओळखणारा माणूस भेटला, तेव्हा वेल अजून उभी होती. येथे माड उभे आहेत. त्यांची भाषा जाणणारे आहेत तोवरच हे काम उरकले पाहिजे.